कागदाचे मौन : नाविकाच्या निवृत्तिवेतनाच्या निमित्ताने

१

चरित्रलेखनाविषयी मराठीत झालेली चर्चा बहुतांशी थोरांच्या चरित्राभोवती फिरत राहिली आहे. पत्रव्यवहार, रोजनिशी, समकालीनांच्या आठवणी आणि स्वतःचे लेखन अशी साधने ज्यांनी मागे ठेवली, त्यांच्या चरित्राचे प्रश्न प्राधान्याने निवडीचे आणि अन्वयार्थाचे असतात. परंतु ज्याने यांपैकी काहीही मागे ठेवले नाही, ज्याच्याविषयी जे काही लिहिले गेले ते शासनाने, शासनाच्या सोयीसाठी आणि ठरावीक रकान्यांत लिहिले, त्याचे चरित्र रचता येते काय? आणि रचता आले तर ते रचण्याचा अधिकार आपल्याला कोठून प्राप्त होतो? यांतला पहिला प्रश्न साधनांचा असून दुसरा नीतीचा आहे. हे दोन प्रश्न वाटतात तितके परस्परांपासून सुटे नाहीत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

त्यासाठी एक स्थिती समोर ठेवू. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात एका कुटुंबाच्या लोखंडी पेटीत नौदलातून निवृत्त झालेल्या पूर्वजाचे काही कागद आहेत : सेवामुक्तीचा दाखला, निवृत्तिवेतनाचा आदेश, बँकेचे किंवा कोषागाराचे जुने पुस्तक, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी झालेला थोडा पत्रव्यवहार. नातवंडांना त्यावरून आजोबांचे आयुष्य शोधायचे आहे. ही स्थिती कोणा एका कुटुंबाची नाही, आणि येथे कोणाचेही नाव घेतलेले नाही. नाव न घेण्याचे कारण पुढे विवेचनातच येईल.

बुलढाणा हा समुद्रापासून दूरचा जिल्हा. त्याच्या दक्षिण भागातले पाणी पैनगंगेतून वर्धा आणि प्राणहितेच्या वाटेने गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागरात जाते. उत्तरेचे पाणी पूर्णेतून तापीला मिळून अरबी समुद्रात जाते. पाणी दोन समुद्रांकडे जाते, पण समुद्राची भाषा मात्र येथे येत नाही. तांडेल, सारंग, डोलकाठी हे शब्द कोकणातल्या मुलाला घरात मिळतात. मेहकर किंवा चिखलीकडच्या मुलाला ते पुस्तकातही क्वचितच भेटतात. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावरची स्थानके, आणि येथून जो कोणी समुद्राकडे गेला तो प्रथम रेल्वेने गेला. परत आल्यावर गावाने त्याला कोणत्या नावाने ओळखले? सैन्यातून परतलेल्या कोणालाही आपल्या खेड्यांतून सर्रास ‘मेजर’ किंवा ‘फौजी’ म्हणतात. नाविकालाही तेच नाव मिळते. म्हणजे त्याचे नाविकपण गावाच्या भाषेत शिरताना आधीच गळून पडलेले असते, आणि ते जिवंत राहते ते फक्त कागदावर. कोकणातल्या नाविकाचा शोध घेणाऱ्याला लोकस्मृती आणि कागद असे दोन आधार सापडतात. वऱ्हाडातल्या नाविकाच्या बाबतीत कागद जवळजवळ एकटाच उभा असतो, आणि म्हणून कागदाच्या मर्यादेचा प्रश्न तेथे अधिक टोकदार होतो.

२

निवृत्तिवेतनाची नस्ती एक संहिता म्हणून वाचली तर प्रथम हे जाणवते की तिला जीवनाविषयी मुळीच कुतूहल नाही. तिला एकच गोष्ट ठरवायची असते : या माणसाला इतकी रक्कम द्यावयाची की नाही. ‘पेन्शन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील तोलण्याची क्रिया आहे; तोलून दिलेले ते पेन्शन. मराठीने त्यासाठी घडवलेला ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द मात्र वेगळ्याच परंपरेतून आलेला आहे. प्रवृत्ती आणि निवृत्ती हे आपल्या तत्त्वविचारातले जुने द्वंद्व. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी प्रवृत्तिमार्गाची बाजू मांडली, तेव्हा निवृत्ती म्हणजे कर्मसंन्यास हा अर्थ वाचकाला परिचित होता. कर्मातून बाहेर पडल्याबद्दल वेतन, ही शब्दयोजना म्हणूनच काहीशी विरोधाभासात्मक आहे. जे कर्म संपले त्याचे मोल कर्म संपल्यावर चालू राहते, आणि ते चालू राहण्याची अट एकच : कर्ता जिवंत असला पाहिजे.

म्हणून या नस्तीतला सर्वांत महत्त्वाचा कागद शौर्याचा नसून हयातीच्या दाखल्याचा असतो. माणूस जिवंत आहे हे त्याने स्वतः येऊन सिद्ध करावे, अशी ही अपेक्षा आहे. तिचा इतिहास उद्बोधक आहे. बंगालमधील हुगळी येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८७७ साली निवृत्तिवेतनधारकांच्या बोटांचे ठसे घेण्याची पद्धत सुरू केली, कारण मृत व्यक्तीच्या नावावर दुसरेच कोणी रक्कम उचलत असावे असा संशय होता. पुढे जगभर गुन्हेगार ओळखण्यासाठी वापरल्या गेलेल्या तंत्राच्या प्रारंभीच्या शासकीय वापरांपैकी एक असा निवृत्त माणसाच्या जिवंतपणाविषयीच्या शंकेतून झाला. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही संगणकीय योजना सुरू झाली, आणि निवृत्त व्यक्तीचे बोट पुन्हा एकदा यंत्रावर आले. नांगर, दोर, कोयता यांनी झिजलेल्या बोटांच्या रेषा यंत्राला वाचता आल्या नाहीत की वृद्ध माणसावर काय प्रसंग येतो, हे खेड्यातल्या बँकेच्या दारात उभे राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. तेथे माणूस हजर असतो, पण त्याचे असणे पुराव्याअभावी अनिर्णित राहते.

हयातीचा दाखला हयातीविषयी काही सांगत नाही. तो फक्त हयात आहे एवढेच सांगतो. चरित्रकाराची पहिली अडचण येथेच आहे.

३

तरीही नस्ती पूर्ण मुकी नसते. तिच्यात उंची असते, ओळखीची खूण असते, वडिलांचे नाव, गाव, तालुका, जात, धर्म, जवळच्या नातलगाचे नाव, दरवर्षीचा वर्तणुकीचा शेरा असतो. यांतला प्रत्येक रकाना नीट वाचला तर माणसापेक्षा माणूस आणि शासन यांच्यामधल्या अंतराविषयी अधिक बोलतो.

जन्मतारीख घ्या. आपल्याकडच्या एका पिढीतील असंख्य लोकांचा जन्म कागदोपत्री १ जूनला झालेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी ती तारीख लिहिली. आईला मूल कोणत्या सणाच्या मागेपुढे झाले, कोणत्या साथीच्या वर्षी झाले, एवढे आठवत असते. रकान्याला ते चालत नाही. पुढे या तारखेवरून वय मोजले जाते आणि वयावरून देय रक्कमही ठरते. खोटी म्हणता येणार नाही आणि खरीही नव्हे अशी ती तारीख आयुष्यभर त्याची होऊन राहते.

पत्ता घ्या. १९४० च्या सुमारास नौदलात दाखल झालेल्या बुलढाण्याच्या तरुणाचा प्रांत ‘सी. पी. अँड बेरार’ असा लिहिला जाई. १९५० मध्ये तोच जिल्हा मध्य प्रदेशात गेला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. गावातून न हललेल्या त्याच्या घरच्या माणसांनी कागदावर चार राज्ये पाहिली. जगभर फिरलेल्या नाविकाचा पत्ता बदलला तो त्याच्या फिरण्याने बदललाच नाही, हा या नस्तीतला एक सूक्ष्म उपरोध आहे.

पत्नीचे नाव घ्या. माहेरचे नाव, लग्नात बदललेले नाव, पुढे ‘बाई’ लागलेले नाव, कारकुनाने इंग्रजीत तीन प्रकारे लिहिलेले नाव, अशी तिची रूपे या कागदांत विखुरलेली असतात. नवऱ्याच्या सेवेच्या काळात ती एका ओळीपुरती असते. त्याच्या मृत्यूनंतर, १९६४ पासून लागू झालेल्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या नियमांमुळे, ती या नस्तीची नायिका होते, आणि त्याच क्षणी या सर्व नावांची स्त्री एकच आहे हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर येतो. जिने ती सारी नावे एकाच देहाने वागवली, तिलाच त्या एकत्वाविषयी प्रतिज्ञापत्र द्यावे लागते.

मिशेल फूको यांनी १९७७ मध्ये लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात अशा सामान्य माणसांचा विचार केला आहे, ज्यांचे जगणे सत्तेशी झालेल्या क्षणिक संघर्षामुळेच कागदावर उमटले. निवृत्त नाविकाची स्थिती यापेक्षा जरा निराळी आहे. तो गुन्हेगार म्हणून पकडला गेलेला नाही. तो मागणारा म्हणून दारात उभा आहे. अर्ज हा मराठी समाजातला जुना गद्यप्रकार आहे. कैफियत, करीना, महजर या प्रकारांत आपल्या पूर्वजांनी आपापले हक्क सांगताना आपापले इतिहास सांगितले, आणि इतिहासकारांनी ते साधन म्हणून वापरले. अमेरिकेत १८३२ च्या निवृत्तिवेतनविषयक कायद्याने स्वातंत्र्ययुद्धातल्या वृद्ध सैनिकांना न्यायालयासमोर आपल्या सेवेची हकीकत कथन करावयास लावले. सैनिकांच्या आत्मकथनांचा एक अफाट संग्रहच त्यातून उभा राहिला. कागदपत्रे नष्ट झाली होती म्हणून तेथे शासनाला माणसाचे बोलणे ऐकावे लागले. जेथे कागद पुरेसा असतो तेथे बोलण्याची गरज उरत नाही. आपल्या नाविकाची नस्ती पूर्ण आहे, आणि ती इतकी मितभाषी असण्याचे कारणही तेच आहे.

४

आतापर्यंतचे विवेचन कागदात असलेल्या गोष्टींविषयी झाले. अधिक कठीण प्रश्न नसलेल्या गोष्टींचा आहे.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या संदेशवहन शिक्षणकेंद्रातील नाविकांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणूक यांच्या निषेधार्थ काम बंद केले. दोन-तीन दिवसांत हा उठाव कराचीपासून कलकत्त्यापर्यंतच्या जहाजांवर आणि तळांवर पसरला. मागण्यांमध्ये अन्न व वेतन यांबरोबर आझाद हिंद सेनेच्या बंदिवानांची मुक्तता आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत घेणे याही मागण्या होत्या. मुंबईत कामगारवस्त्या रस्त्यावर आल्या. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मरण पावले, त्यांत परळ भागात गोळी लागलेल्या कमल दोंदे होत्या. वल्लभभाई पटेल आणि जीना यांनी शरणागतीचा सल्ला दिला, आणि २३ फेब्रुवारीला उठाव संपला. पुढे अनेक नाविकांना बडतर्फ करण्यात आले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना नौदलात परत घेतले गेले नाही. उठावाच्या सूत्रधारांपैकी बी. सी. दत्त यांनी १९७१ मध्ये आपली हकीकत ग्रंथरूपाने लिहिली. उत्पल दत्त यांनी १९६५ मध्ये ‘कल्लोल’ या नाटकातून हा विषय बंगाली रंगभूमीवर आणला.

निवृत्तिवेतनाच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय? नाविकाला सेवा-निवृत्तिवेतन मिळण्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांची सेवा लागते, आणि ती समाधानकारक वर्तणुकीची असावी लागते. म्हणजे ज्याची नस्ती आहे, त्याने आज्ञा पाळल्या, असे स्थूलमानाने म्हणता येईल. ज्याने १९४६ मध्ये आज्ञा मोडली, त्याची निवृत्तिवेतनाची नस्तीच तयार झाली नाही. निवृत्तिवेतनाचे दप्तर हे अशा रीतीने आज्ञाधारकतेचे दप्तर ठरते. ते सेनेचा इतिहास सांगत असल्यासारखे दिसते. प्रत्यक्षात त्याने या इतिहासाचा एक भाग आधीच गाळून टाकलेला असतो. उद्या कोणी केवळ या दप्तरावरून भारतीय नाविकांचे सामूहिक चरित्र लिहिले, तर त्यात फेब्रुवारी १९४६ हा इतर महिन्यांसारखाच एक महिना असेल.

पुढे मात्र एक विलक्षण उलथापालथ झाली. १९७२ मध्ये केंद्र शासनाने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली. १९८० मध्ये तिला सन्मान योजनेचे रूप आले. ज्या आंदोलनांना तिच्यात मान्यता मिळाली त्यांत १९४६ चा नाविकांचा उठावही होता. ज्या कृतीमुळे माणूस एका दप्तरातून बाहेर फेकला गेला, तीच कृती आता दुसऱ्या दप्तरात शिरण्याची पात्रता ठरली. कृती तीच, कर्ता तोच. फक्त रकाना बदलला. यावरून कृतीचे नैतिक मूल्य शासनाच्या नोंदीवर अवलंबून असते असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. एवढेच म्हणता येईल की नोंद ही मूल्याची मोजणी नसून मूल्याला शासनाने दिलेली प्रतिक्रिया असते, आणि प्रतिक्रिया बदलते. बडतर्फीचा शेरा आणि सन्मानपत्र ही दोन्ही शासनाविषयीची साधने आहेत. नाविकाविषयी ती फारच थोडे सांगतात.

५

आता आपल्या लोखंडी पेटीकडे परत येऊ. समजा, सेवामुक्तीचा दाखला १९४६ सालचा आहे. नातवंडांना उठावाची माहिती आहे. आजोबा त्या वर्षी नौदलातून बाहेर पडले, त्याविषयी ते कधी बोलले नाहीत, आणि त्यांना नौदलाचे निवृत्तिवेतनही नव्हते. मग ते उठावात होते, आणि भीतीने किंवा मानीपणाने गप्प राहिले, असा अन्वय लावण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

हा अन्वय टिकत नाही. दुसरे महायुद्ध सुरू होताना रॉयल इंडियन नेव्हीत दीड-दोन हजार नाविक होते. १९४५ पर्यंत ही संख्या पंचवीस हजारांच्या पुढे गेली. युद्धापुरती भरती झालेल्या या हजारो लोकांना युद्ध संपताच घरी पाठवणे सुरू झाले. १९४६ हे उठावाचे वर्ष होते तसे ते सामूहिक सेवामुक्तीचेही वर्ष होते, आणि सेवामुक्तीची दिरंगाई व पुढच्या उपजीविकेची अनिश्चितता ही उठावामागच्या असंतोषाची कारणेही होती. अल्प सेवेमुळे यांतल्या बहुतेकांना निवृत्तिवेतन मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या महायुद्धातील माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासनाने पुष्कळ नंतर मासिक अनुदान देऊ केले, तेव्हा कोठे त्यांची नावे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या कागदांत आली. तेव्हा १९४६ हा आकडा, निवृत्तिवेतन नसणे आणि माणसाचे न बोलणे, ही तिन्ही चिन्हे एकत्र ठेवूनही काही सिद्ध होत नाही. सेवामुक्तीचे कारण दाखल्यावर काय लिहिले आहे, मुंबईत मानखुर्द येथे नाविकांच्या सेवानोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयात काय आहे, हे पाहावे लागेल; आणि तेथेही उत्तर मिळेलच असे नाही.

येथे मूळ नैतिक प्रश्न स्पष्ट होतो. कागदाच्या मौनाचा फायदा कोणाला द्यावयाचा?

आपल्या इतिहासात या प्रश्नाची परस्परविरुद्ध उत्तरे दिली गेली आहेत. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा वतनदार-इनामदारांना आपल्या हक्काच्या सनदा दाखवाव्या लागल्या. पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट असूनही कागद दाखवता आला नाही, तर मौन धारकाच्या विरुद्ध वाचले गेले. याच्या अगदी उलट भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह यांच्या प्रकरणात घेतली. सैनिक भरतीच्या वेळी त्याच्या शरीरात रोग असल्याची नोंद नसेल आणि पुढे तो रोगामुळे सेवेतून बाहेर पडला असेल, तर रोग सेवेमुळेच झाला असे मानावे. उलट सिद्ध करण्याचा भार शासनावर. येथे भरतीच्या कागदाचे मौन सैनिकाच्या बाजूने वाचले गेले. स्वातंत्र्यसैनिकांच्या निवृत्तिवेतनाबाबतही २००१ मध्ये गुरदियाल सिंह यांच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, फौजदारी खटल्यातल्यासारखा निःसंशय पुरावा येथे मागू नये. संभाव्यतेच्या आधारे निर्णय करावा. या साऱ्यामागे १७ डिसेंबर १९८२ च्या नकारा प्रकरणातील निकालाची भूमिका आहे. निवृत्तिवेतन ही शासनाची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे, हे त्या निकालाने ठामपणे प्रस्थापित केले. ज्याला हक्क आहे त्याच्याकडे भिक्षेकऱ्याप्रमाणे संशयाने पाहता येत नाही.

हक्काची ही जाणीव आपल्याकडे न्यायालयांच्या बरीच आधीपासून आहे. युद्धात पडलेल्यांच्या कुटुंबांना पेशवाईत बालपरवेशी दिली जाई. तिची भाषा पोषणाची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीच्या परिसरात स्थायिक झालेल्या महार सैनिकी पेन्शनरांनी मात्र वेगळी भाषा घडवली. त्यांच्यातूनच पुढे आलेल्या गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास सैन्यभरती पुन्हा खुली करावी म्हणून जो अर्ज सिद्ध केला, त्याचा आधार केलेली सेवा हाच होता. पेन्शनचा कागद तेथे उपकाराची पावती राहिला नाही. तो शासनाविरुद्धचा पुरावा झाला. कागदाकडे पाहण्याची ही तिसरी रीत आहे, आणि ती कागदात ज्याचे नाव आहे त्याच्या हातून घडलेली आहे.

६

मग मौनाचा फायदा नेहमीच मागणाऱ्याला द्यावा, असा नियम करून हा प्रश्न सुटतो काय? बुलढाण्याच्या शेजारच्या मराठवाड्यातील अनुभव वेगळे सांगतो. बीड जिल्ह्यात हैदराबाद मुक्तिसंग्रामातील सहभागाच्या आधारे निवृत्तिवेतन घेणाऱ्या अनेकांचे दावे खोटे असल्याचे न्यायमूर्ती पालकर आयोगाच्या चौकशीत दिसून आले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणी निर्णय दिला. जेथे तुरुंगाचे कागद नाहीत तेथे सहकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा, ही उदार तरतूद होती. तिचाच आधार घेऊन असत्य उभे राहिले. खऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचे यात दुहेरी नुकसान झाले. त्याच्या त्यागाचे मोल घटले, आणि त्याच्या खऱ्या शब्दावरही संशयाची सावली पडली.

यावरून असे म्हणता येईल की मौनाचा अर्थ लावण्याचे दोन भिन्न प्रसंग आहेत आणि त्यांची गल्लत करू नये. पहिला प्रसंग देण्याघेण्याचा. जिवंत माणूस दारात उभा आहे, त्याचे पोट प्रश्नाच्या एका बाजूला आहे आणि शासनाची रक्कम दुसऱ्या बाजूला. तेथे चूक दोन्हीकडे होऊ शकते, पण दोन चुकांचे वजन सारखे नसते. अपात्राला रक्कम मिळाली तर शासनाचे नुकसान होते आणि पात्रांचा मान घटतो. ही हानी थोडी नाही, परंतु चौकशीने ती पुष्कळशी भरून काढता येते. पात्र माणूस उपाशी मेला तर त्याची भरपाई नाही. म्हणून तेथे फायदा माणसाला द्यावा आणि लबाडीचा शोध स्वतंत्रपणे घ्यावा, हा न्यायालयांनी स्वीकारलेला मार्ग नीतीच्या दृष्टीनेही योग्य वाटतो.

दुसरा प्रसंग स्मरणाचा. माणूस गेलेला आहे. त्याला काही द्यावयाचे उरलेले नाही आणि आपल्याला एक कथा हवी आहे. येथे मौनाचा फायदा ‘त्याला’ देत आहोत असे म्हणताना बहुधा आपण तो स्वतःलाच देत असतो. आजोबांना बंडखोर ठरवले तर मान वाढतो तो नातवंडांचा. लेखकाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण रिकामी जागा दिसली की ती भरणे हा त्याचा व्यवसाय आहे. फ्रेंच इतिहासकार आलँ कोर्बँ यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात लुई-फ्रांस्वा पिनागो या एकोणिसाव्या शतकातील लाकडी पादत्राणे करणाऱ्या कारागिराची निवड जवळजवळ चिठ्ठी टाकून केली, आणि त्याच्याविषयी शब्दही मागे उरलेला नसताना त्याच्या भोवतीचे जग काटेकोरपणे उभे केले. त्या प्रयोगाचे महत्त्व असे की, कोर्बँ यांनी त्या जगाच्या मध्यभागी असलेली माणसाची जागा रिकामीच ठेवली. तो काय पाहू शकला असेल हे ते सांगतात. त्याने काय मानले हे सांगत नाहीत.

आपल्या नाविकाच्या बाबतीतही हीच मर्यादा पाळता येईल. मलकापूरहून मुंबईला जाणारी गाडी, सक्तीने शिकावी लागलेली समुद्राची परिभाषा, जहाजावरचे अन्न, प्रांतांची बदलती नावे, परतल्यावर मिळालेले ‘मेजर’ हे जमिनीवरचे नाव, एवढे सारे अभ्यासाने सांगता येते आणि ते थोडके नाही. त्या फेब्रुवारीत त्याच्या मनात काय होते, हे मात्र सांगता येत नाही. तो उठावात सामील झाला असेल, त्याने दुरून पाहिले असेल, त्याला विरोधही केला असेल, किंवा पोटाच्या विचाराने तो गप्प बसला असेल. यांतला कोणताही पर्याय त्याच्यासाठी आपण निवडला, तर ज्या एका गोष्टीची निवड खरोखर त्याची स्वतःची होती तीच आपण त्याच्याकडून काढून घेतो. आज्ञा पाळणाऱ्यालाही एक नैतिक जीवन असते. पंधरा वर्षे समाधानकारक शेरा मिळवणाऱ्या माणसाने आतल्या आत काय सोसले आणि काय नाकारले, याची नोंद ठेवणारा रकाना कोणत्याही नस्तीत नव्हता. नस्ती असणे म्हणजे मिंधेपणा आणि नस्ती नसणे म्हणजे बंड, असे समीकरण मांडणारा संशोधक दप्तराच्याच वर्गवारीला शरण गेलेला असतो.

नाव न घेण्याचा प्रश्नही येथेच उलगडतो. हे कागद त्या माणसाने एका मर्यादित हेतूने दिले होते. अंगावरची खूण, आजार, वैद्यकीय मंडळाने ठरवलेली अपंगत्वाची टक्केवारी, बायकोच्या नावाचा घोळ, कर्जासाठी केलेली विनवणी हे सारे त्याने रक्कम मिळावी म्हणून उघड केले. वाचकांसमोर आपले आयुष्य मांडले जावे म्हणून नव्हे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या अधिनियमातही व्यक्तिगत माहितीला अपवादाचे स्थान देण्यात आले, यामागे हीच जाणीव आहे. कुटुंबाने आपल्या पूर्वजाचा शोध घेणे हा त्याचा हक्क आहे, आणि आपल्या परंपरेच्या भाषेत त्याला पितृऋण म्हणता येईल. पण ऋण फेडताना ऋणकोने धनकोच्या खात्यावर भलतीच रक्कम लिहावयाची नसते. जेवढे मिळाले तेवढेच लिहावे, आणि जे मिळाले नाही त्याची जागा कोरी ठेवावी, हा हिशेबाचा साधा नियम स्मरणालाही लागू करावयास हरकत नाही.

समीक्षाव्यवहारात आपण संहितेतील मौनाला अर्थपूर्ण मानायला शिकलो आहोत, आणि ते शिकणे आवश्यकही होते. मात्र ललित संहितेतले मौन कोणीतरी रचलेले असते; निवृत्तिवेतनाच्या नस्तीतले मौन तसे रचलेले नसते. कधी ते कारकुनाच्या आळसाचे असते, कधी नियमाच्या चौकटीचे, कधी वाळवीचे, आणि कधी क्वचित माणसाच्या निर्धाराचे. ते कोणत्या प्रकारचे आहे याचा शोध घेण्याआधीच त्याला वाचा फोडणे हा समीक्षेचा अतिरेक आहे. गावोगावच्या पेट्यांतले हे कागद आज ना उद्या उघडले जातील, आणि ते जाणेच इष्ट आहे. पण उघडणाऱ्याने नोंदींइतकाच मौनाच्या जातींचाही अभ्यास करावा. मिळालेल्या नोंदींखाली कोरी राहिलेली जागा किती, हेही त्याने प्रामाणिकपणे दाखवावे.